गोंदणाखालची शीर

रक्तपेढीच्या भिंतीवर मीच रंगवलं होतं,
लाल ऑइलपेंटनं, अक्षरं जरा वाकडी:
रक्ताला जात नसते.
आणि आज मीच निघालेय जीपमधून
मुखेडच्या पुढं, तांडा विचारत.

शेवंती आडे, वय सात.
दर तीन आठवड्यांनी विष्णुपुरीला येते,
खिशात फुटाणे, पायात भावाच्या चपला.
गट साधाच, ओ पॉझिटिव्ह,
फ्रीज उघडला की समोर असतो.
पण साठ-सत्तर पिशव्या रिचवल्यावर
तिचं रक्त परक्याला ओळखायला लागलं.
नळीत थेंब टाकला की
दूध नासावं तसा फुटतो.
चौदा पिशव्या लावून पाहिल्या. चौदाही नासल्या.

डॉक्टर धोंगडे म्हणाल्या, गटाच्या आतही
बारीक खुणा असतात,
पणजीच्या पणजीकडून चालत आलेल्या.
सापडल्या तर बहुधा तिच्याच माणसांत सापडतील.
आपल्या रजिस्टरात तांड्यावरचं कोण आहे?

मी रजिस्टर चाळलं.
साहेबांच्या वाढदिवसाचं शिबिर, बँकेचं शिबिर,
तीच आडनावं, तेच चौक.
देगलूर नाक्यावरचे नऊ,
गुरुद्वाऱ्याच्या गल्लीतले तेवीस,
किनवटचा कोलाम एकही नाही.
तांडा, शून्य.
आमची गाडी डांबर संपतं तिथूनच वळायची.

लिंबाखाली नायक बसले होते, धनसिंग.
"गाडी आमाला म्हाईत हाय," म्हणाले.
"नसबंदीच्या साली अशीच आलती.
बाप दोन दिवस ज्वारीत लपून होता."
हे ऐकलं आणि खाजामियाँनी
न सांगता जीप शाळेमागं नेऊन लावली.

कुणी म्हणालं, रक्त इकत्यात म्हणं दवाखान्यात.
आणि एक बाई हसत हसत,
"आमचं रक्त दुसऱ्याला चालतंय व्हय?"
मला माझी भिंत आठवली.
जात नसते म्हणू,
की तुमच्याचकडं आलेय म्हणू?
दोन्ही खरं होतं, एका वाक्यात बसेना.
मग नुसतं शेवंतीच्या फुटाण्यांचं सांगितलं.
त्या दिवशी चहा मिळाला, रक्त नाही.

तिसऱ्या खेपेला, दसऱ्याच्या आधी,
एकतीस जण रांगेत.
बाया एकोणीस, त्यातल्या पंधराजणींचं हिमोग्लोबिन
मोजणीतच बुडालं.
माझ्याकडं त्यांना द्यायला लोहाच्या गोळ्या होत्या
आणि वर बघायची लाज.

हेमली मुडेच्या हातावर
कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण,
हिरव्या ठिपक्यांखाली शीर दिसेना.
मी बोटानं चाचपत राहिले.
ती म्हणाली, "सहा वर्साची असताना टोचलंय ह्ये,
रडले नव्हते.
तू का भिऊ लालीस?"

सात पिशव्या मिळाल्या, जुळली एक.
त्याच आठवड्यात दुसरी जुळली,
देगलूर नाक्यावरच्या एका शिंप्याची,
ज्याला खाजामियाँनी दुकानातून उठवून आणलं होतं.
धोंगडे मॅडमनी चष्मा काढून नळी परत पाहिली.
त्या खुणा कुणाच्या बैलांमागं,
कुठल्या बाजारातून फिरल्या असतील,
कोण सांगणार.
लेबलवर गट असतो, तारीख, नंबर.
नंबर मला पाठ आहेत. बोलले नाही.

शेवंतीला तीन आठवडे मिळाले.
मग पुढचे तीन.

भिंतीवरचं वाक्य पुसलं नाही.
खाली हातभर जागा आहे,
डबा उघडते, ब्रश वाळतो, सुचत नाही.

माघात फोन आला, रात्री,
पलीकडं ट्रॅक्टर, कुत्री, कुणाचं तरी रडकं पोर.
"बाई, हेमली बोलते. कर्नाटकात हाव, तोडीवर.
चार म्हैने झाले बघ मोजून.
हितं जवळ कुठं घेत्यात?"