दीड तारा

दाभोळच्या खाडीवर, उतारावरचं घर.
विकायचंय, म्हणून मी आले:
हातात उष्णतामापी, पिशवीत सोळा पानी फॉर्म.
इस्माईल परकारांनी खुर्ची पुढे केली, पंखा लावला,
मग काय वाटलं, बंद केला.
"तुमच्या मोजण्यात वारा नको."

दुपारचे अडीच, मे महिना.
स्लॅबची खालची बाजू एकेचाळीस.
पश्चिमेची भिंत अडतीस, आणि चढतेच आहे.
खिडक्यांना ही मोठी काच,
वर वीतभर छज्जा नाही.

"कौलं का काढलीत?"
"दरवर्षी शाकारणी. वर चढणार कोण?
मी कुवेतला, मुलगे एवढेसे.
ड्राफ्ट पाठवत गेलो, स्लॅब पडला,
आणि पावसाळ्यात मी पहिल्यांदा निवांत झोपलो.
तिकडे. एसीत."

"आणि आम्ही," हमीदाबी दारातून म्हणाल्या,
"प्रत्येक मे मागच्या चुलीघरात काढला.
तिथे कौलं आहेत अजून. तेही मोजा की."

मोजलं. एकतीस.
जांभ्याची ओबडधोबड भिंत, फणसाची सावली,
वाशाला कांद्याची माळ,
सारवलेल्या जमिनीवर मांजर
हातभर लांब झालेलं.
फॉर्म म्हणतो: मुख्य इमारतीपासून सुटी खोली
धरू नये.

तेवढ्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन.
"गच्चीवरून समुद्र दिसतो ना?"
दिसतो. समुद्राला रकाना नाही.
चारनंतर खाडीवरून सुटणाऱ्या वाऱ्याला आहे,
पण त्या अंगाला
गुलाबी टाइल्सचं बाथरूम आहे.

बेरीज केली, पुन्हा केली.
दीड.
इस्माईलभाई बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले.
"बारा वर्षं होतो मी तिथे.
म्हणजे एक तारा
आठ वर्षांना पडला."

मी म्हटलं, गच्चीला पांढरा रंग द्या,
पश्चिमेला मांडव घाला, वेल चढवा, अर्धा तरी वाढेल.
ते म्हणाले, "वेल चढेपर्यंत घर विकलेलं असेल."

"चुलीघराला किती दिले असतेत?" हमीदाबींनी विचारलं.
"चार."
त्या हसल्या नाहीत. नवऱ्याकडे बघितलंही नाही.
आत जाऊन चुलीवर चहा टाकला.

सह्या आम्ही तिथेच केल्या, पाटावर बसून.
बाहेरच्या खोलीत
घामाने कागद हाताला चिकटत होता.