दोनशे दहा

पिथमपूरला बैठकीच्या खोलीत एसी जास्तच गार,
टेबलावर मधोमध एक जुना पिस्टन,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.
त्याच्याखाली चार आकडे:
दीडशे, दोनशे दहा, तीनशे नव्वद, साडेचारशे.
यातला एकच माती खाणार
आणि त्यालाच आम्ही यश म्हणणार.

मला कुणी विचारलं नव्हतं.
मी चाचणीची स्वार, रेघेबाई,
माझं काम गाडी पाडून आणणं
आणि कुठे पडली ते लिहिणं.
भिंतीकडच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

खर्चवाले म्हणाले, तीनशे नव्वदला साचा नवा लागेल,
दोनशे दहाचा आहेच, शहरातल्या गाडीचा,
मागचं चक्र मोठं करा, दात वाढवा, झालं.
विक्रीवाले म्हणाले, समोरच्यांनी साडेचारशे आणली,
आपण खाली राहिलो तर पोरं हसतील, भिया.
मुळ्ये कराचं बघतात. त्यांनी चष्मा पुसला.
म्हणाले, साडेतीनशेच्या वर गेलात
की सरकारही मागच्या सीटवर बसतं.
खोली हसली.
आकडा घसरला तो तिथे.

माझ्यापुढे मंगळवारचा माझाच अहवाल होता.
जानापावची मागची वाट, साडेचारशेचा नमुना,
मुरूम सुटा, खाली काळा दगड.
माझी उंची पाच फूट एक,
त्या सीटवरून जमिनीला फक्त बोटं लागतात,
तीही एकाच पायाची.
तिसऱ्या वळणावर पाय ठेवायला गेले
आणि तिथे जमीनच नव्हती.

गाडी आडवी. आरसा बाभळीत.
मी धडधाकट, पण एकशे ऐंशी किलो
काही केल्या उठेनात.
खालून भेरूलाल आला,
सत्त्याण्णव सीसी, सायलेन्सर तारेनं बांधलेला,
दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन.
“कई हुयो, बेन?”
त्यानं गाडी दगडाला टेकवली, माझ्यासोबत हँडल धरलं.
उभी केल्यावर विचारलं, केवढं इंजिन?
साडेचारशे, म्हटलं.
सासूबाईंची साखर तेवढी आली होती,
तेव्हा डॉक्टर जसे गप्प झाले,
अगदी तसाच गप्प झाला तो.

मग दोन्ही पाय खाली सोडून,
वल्हं मारावं तसा जमीन ढकलत,
क्लचचा जळका वास मागे ठेवून
वर गेला.
दूध सांडलं नाही.
एका कॅनचं झाकण तेवढं
टिणटिण वाजत राहिलं, दिसेनासा झाल्यावरही.

आमच्या अहवालात एक रकाना असतो:
तुलनेचं वाहन.
मी लिहिलं, सत्त्याण्णव सीसी, दुधासह.
बैठकीआधी कुणीतरी ते खोडलं होतं,
नीट, पट्टी लावून.

दोनशे दहा ठरली.
साचा, कर, सीटची उंची, या क्रमानं टिपणात आलं.
सीटची उंची वाचली तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
मी पिस्टनकडे.
जाहिरातवाला म्हणाला, आपण छापू,
डोंगरानं निवडलेलं इंजिन.
डोंगर तेव्हा खिडकीतून दिसत होता,
पण पडदा ओढलेला होता, पडद्यावर तक्ते.

संध्याकाळी राऊपर्यंत ट्रकांच्या मागोमाग
माझ्या एकशे दहाच्या स्कूटरवरून आले.
डिकीत जिरावणाची पुडी, नवऱ्यानं सांगितलेली.
सिग्नलला शेजारी एक पोरगा, कॉलेजातला,
हातावर हेल्मेट अडकवलेलं, डोक्यावर नाही.
मित्राला म्हणत होता, घ्यायची तर साडेचारशेच.
खाली काही घेण्यात काय अर्थ?
मी हिरव्याची वाट बघत होते.

परवा दोनशे दहाचा नमुना मिळाला.
पुन्हा तीच वाट.
पुन्हा तिसऱ्याच वळणावर पडले.
गुडघा टेकवला, हँडल आत वळवलं, श्वास धरला,
एकटीनं उचलली.

रकान्यात काय लिहायचं सुचेना.
उचलली, एवढंच लिहिलं.
वरच्या अंगाला कुठेतरी
झाकण वाजत होतं.