हयातीचा दाखला

खडकी बाजारातली बँक. टोकन त्रेपन्न.
काचेपलीकडची मुलगी विचारते, पेन्शनर कुठे आहेत?
मलावीत, मी सांगते. आफ्रिकेत. झोंबा गावी.
ती हसू दाबते. मी नव्हतं दाबलं,
भाऊजींनी पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा.
झोंबा? म्हणजे मिरची झोंबते तसं?

शमुवेल दाविद रणपिसे, वय अडुसष्ट,
चौतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात.
वारस : पत्नी कृपावती. माझी ताई.
नोव्हेंबर आला की सरकारला
लेखी कळवावं लागतं, अजून आहे म्हणून.

ॲपवर करा ना, मुलगी म्हणते.
केलं गं. तीनदा केलं.
ताईने मोबाईल धरला, ते अंगणात उभे राहिले,
डोळे मिचकावा म्हणालं, मिचकावले.
चेहरा जुळत नाही म्हणालं.
नाहीच जुळणार. दोन वर्षांचं ऊन,
नऊ किलो वजन कमी,
आणि मिशी काढलीय, तिथली पोरं ओढायची म्हणून.

मग असं कर, तूच लिहून घे.

पहाटे साडेचारला उठतात,
आपल्याकडे तेव्हा आठ वाजलेले.
आधी प्रार्थना की आधी पाणी, यावरून
चाळीस वर्षांच्या संसारात अजून भांडण.
पाणी जिंकतं. नळ सहाला जातो.
बादल्या भरता भरता शास्त्रपाठ,
स्तोत्र संपायच्या आत पिंप भरलं
तर उरलेलं उद्या.

हे गेले देवाचं वचन सांगायला,
लोकांना वाटलं, कापडाचं दुकान टाकणार.
तिकडचे आपले बहुतेक दुकानदारच.
पहिले तीन महिने बायका दारात येऊन
चितेंजेचा भाव विचारायच्या.
ताई म्हणायची, कापड नाही, चहा आहे. या.

भाऊजी हातपंप दुरुस्त करतात.
काडतुसाची पितळी टोपी
केसाएवढ्या फरकाने नापास करणारा माणूस
चामड्याचा वॉशर अंदाजाने कापतो.
पंप खाकरतो, गुळण्या करतो, पाणी येतं.
उपदेश त्यांना जमत नाही.
एका रविवारी देवळात उभे राहिले,
चिचेवात चार वाक्यं बोलले,
तिसऱ्याला सगळं देऊळ हसलं.
का, ते अजून कुणी सांगत नाही.

ताईकडे मशीनं दोन, मुली अकरा.
उजवा गुडघा दुखतो, पायडल डाव्याने.
पांढऱ्या मक्याची भाकरी थापायला जाते,
तव्यावर पोचेपर्यंत चार तुकडे.
मग न्सिमा, आपल्या उकडीची चुलतबहीण,
तोंडी लावायला मी पाठवलेला कांदा-लसूण मसाला
चिमटीने. पुढचं पार्सल कस्टममधून
कधी सुटेल, प्रभूला ठाऊक.

गेल्या मंगळवारी भाऊजी फोनवर आलेच नाहीत.
मागे रंध्याचा आवाज येत होता.
शेजारचं बाळ, ताई म्हणाली, अकरा दिवसांचं.
फळ्या यांनाच मागितल्या.
मग बराच वेळ
आम्ही दोघी तो रंधा ऐकत बसलो.

हे सगळं मी बोलले की नुसतं मनात, माहीत नाही.
चोपन्नवाले आजोबा कोपराने ढकलत होते.
उच्चायुक्तालयाचा शिक्का लागेल, मुलगी म्हणाली.
म्हणजे लिलाँग्वे. मिनीबसने अख्खा दिवस,
मांडीवर कुणाची तरी कोंबडी.

तेवढ्यात मोबाईल वाजला, त्यांचाच निरोप,
मी तिथेच, काचेला लावून ऐकवला :

अगं, शिक्क्याचं बघतो मी, तू उगाच खेटे घालू नकोस.
आमच्या घरातले नळ सोडलेस का?
आठवड्यातून एकदा सोड, नाहीतर धरतात.
आणि कढीपत्त्याला पाणी.
इकडे आंबे सुरू झालेत, रस्त्याला नुसता सडा,
तुझी ताई लोणचं घालतेय,
मोहरी नाही म्हणून माझ्यावर चिडलीय. ठेवतो.

मुलगी शिक्का हातात धरून थांबली.
म्हणाली, नोव्हेंबरात आंबे?