लढल्याशिवाय आत येऊ नये

दरवाजावरच्या दगडात म्हणे असं कोरलंय:
लढल्याशिवाय आत येऊ नये.
मला ती लिपी येत नाही.
शेळ्यांनाही येत नाही.
त्या रोज नऊच्या सुमारास
न लढता आत येतात
आणि कप्तानाच्या घरात बसून
उन्हं कलेपर्यंत रवंथ करतात.

मी पेद्रू वेगास, रोजंदारी पहारेकरी,
मुक्काम कोर्लई. शिट्टी एक, छत्री एक.
राखायला दिलंय ते असं:
दरवाजे बरेच, फळी एकालाच;
बिनछपराचं चर्च;
तोफा, त्यांच्या तोंडात पाली अंडी घालतात.
पगार महिना उलटल्यावर.
पगार हा शब्दसुद्धा त्यांचाच, मास्तर सांगायचे.
शब्द ठेवून गेले.

बुरुजावरची थोरली तोफ
आधी चौलाकडे बघायची, आजा म्हणे.
मग मराठे आले. तिला फिरवलं दर्याकडे.
मग दुसरे टोपीवाले आले, लाल तोंडाचे,
त्यांना ती कुठेच फिरवावीशी वाटली नाही.
लोखंडाला धनी कळत नाही.
खारा वारा तेवढा कळतो.

खाली रेवदंड्याच्या बाजारात
आमच्या बायका नोलिंगेत भाव ठरवतात,
गिऱ्हाईकाला कळू नये म्हणून.
ज्या बोलीतल्या परवान्यावाचून
एके काळी या किनाऱ्यावर
गलबत हलत नव्हतं, तिच्यात आता
एस्प्रांसमावशी शेजारणीला सांगते:
वीसला सोड गं, माठ मलूल झालाय.

नाताळ सरल्यावर लिस्बनहून एक बाई आली.
खांद्याला रेकॉर्डर, नाकावर सोललेलं ऊन.
मावशीच्या ओट्यावर बसली.
दोघी बोलू लागल्या आणि
काही शब्द मिठी मारल्यासारखे भेटले,
काही नुसतेच एकमेकांना बघत गेले,
भरतीच्या वेळी खाडीत
समोरासमोरून होड्या जातात तसे.

पाणी भेटलं. मीठ भेटलं.
आजीचं नाव तर दोघींचं एकच निघालं.
बाई हसली, टिपून घेतलं.

मग मावशीने विचारलं, राजा बरा आहे ना तुमचा?

बाईने यंत्र बंद केलं.
म्हणाली, राजा नाही आता. शंभरावर वर्षं झाली.
आणि राज्य?
तेही नाही. गोवा गेलं, आफ्रिका गेली,
सगळंच सुटत गेलं हातातून.
आता लहानसा देश आहे.
पोरं कामाला परमुलखात जातात.

आमचीही, मावशी म्हणाली. कुवेतला.

मग तिने पदर सारखा केला,
मयताच्या घरी उशिरा पोचलेल्या
नातेवाइकासारखी
खाली बघत बसली.
वाल सोलायचे राहिले होते ते सोलले चार-दोन.
आणि म्हणाली, हळूच,
रागावली नव्हती:
सांगायचं तरी कुणीतरी.
आम्ही इथेच होतो.

बाईला वाक्य कळलं.
पुढे ती काही टिपत बसली नाही.
निघताना मावशीने माठाची जुडी दिली,
पैसे घेतले नाहीत,
देठ कोवळे आहेत, टाकू नको, एवढं बजावलं.
लिस्बनला माठ नेता येतो का,
विचारायचं माझ्या डोक्यात आलं,
पण गाडी वळणापलीकडे गेली होती.

संध्याकाळी दिवाबत्तीचा माणूस
दीपगृहात चढला की मी शिट्टी मारतो.
वीतभर चावी आहे माझ्याकडे, कुलूप नाही.
कमरेला असते. उतरताना वाजते.
शेळ्या खाली निघतात रांगेने,
एक काळी पाट मात्र
कप्तानाच्या खिडकीत उभी राहते
दर्याकडे बघत, जणू काही येणार आहे.
मराठीत हाक मारतो. ढिम्म.
मग आमच्या बोलीत मारतो.
कान हलवते फक्त.
शेवटी मला धोंडा उचलावा लागतो.