पेन्सिलीनं

सिव्हिलच्या रेकॉर्ड रूममध्ये
माझ्याकडे गोळीनं मेलेल्यांचा तक्ता असतो.
खून. आत्महत्या. अपघात.
चौथा रकाना छापलेलाच नाही.

म्हसरूळचा सुदाम गांगुर्डे, बँकेचा वॉचमन,
परवान्याची बारा बोअर.
पुसताना सुटली, असं जमादार म्हणाले.
त्याची बायको काहीच म्हणाली नाही,
तिनं फक्त जेवणाचा डबा परत मागितला.
डबा धुतलेला होता.
घासूनपुसून, झाकण उपडं ठेवून.
मी अपघात लिहिलं,
पेन्सिलीनं.

अंबडचा तो पोरगा, गावठी कट्ट्याचा,
मुंबईला नेताना कसारा घाटाखाली गेला.
म्हणून तो ठाण्याच्या बेरजेत.
पोलीस त्याला आपल्यात धरतात, आम्ही नाही.
त्यांचे अकरा, आमचे सात.
मधले चार कुठं राहतात, विचारू नका.

आज गंगापूर रोडच्या सभागृहात चर्चा:
परवाने सैल करावेत की आवळावेत.
वकील दुसाने म्हणाले, सातच तर आहेत,
त्यात परवान्याची फक्त एक, तीही चुकून.
लोखंडे मॅडम उसळल्या, सात कसे? अकरा!
टाळ्या दोघांनाही पडल्या.

तेवढ्यात देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू आला.
खिडकीची काच किणकिणली.
कुणी मान वळवली नाही,
नाशकात या आवाजाला कोण दचकतं?

मी शेवटच्या रांगेत.
दुसाने वकिलांच्या हातातला तो "एक"
माझ्याच अक्षरातला.
खिशात खोडरबर आहे.
पण खोडून लिहू काय,
आणि कुठल्या रकान्यात?