एडक्के, बलक्के

खानापुरात कॉलेजमागचं मैदान, पहाटेचे पाच.
हिरेमठ सर ओरडतात, एडक्के!
मी आधी मनात मराठीत वळते,
मग पायांत.
तोवर रांग पुढं गेलेली.

रात्री कलमं पाठ करते.
जमावाला कन्नडात गुंपु म्हणतात.
गुंपु, गुंपु.
आई विचारते, कबुतर गिळलंस काय गं?

मामा हसत नाही.
एक नोव्हेंबरला काळी फीत बांधतो तो,
बत्तीस वर्षं, त्याच दंडावर.

काल बेळगावातनं बूट घेऊन आला,
एक नंबर मोठे.
"दोन मोजे घाल," म्हणाला.
मग उंबऱ्यात थांबून,
"आणि मला अडवायची पाळी आली
तर मराठीत अडव."

दोन मोजे घातलेत.
बलक्के!
पाय वळतो,
बूट जरा मागनं.