पाच गुणांचा प्रश्न

प्रश्न तिसरा. पृथ्वीच्या अंतरंगाची सुबक आकृती काढा,
भागांना नावे द्या. गुण पाच.
सदतीस पेपरांत सदतीस उकडलेली अंडी
मधोमध चिरलेली:
टरफल म्हणजे कवच, पांढरं ते प्रावरण, पिवळा गाभा.
उदाहरण माझंच. डबा उघडून वर्गात दिलेलं.

अडतिसावा अफसाना मुजावरचा.
गोल नाहीच. एक उभी पट्टी, दोन बोटं रुंद,
रंगवलेली नव्हे, चिकटवलेली.
डिंकावर खरी भुकटी.
वर पिवळट: मुरूम, बावीस फूट.
मग काळी, पिठीसारखी: पाषाण.
काळ्यात पांढरे कण, त्यांना बाण काढून लिहिलंय,
"हे पूर्वी बुडबुडे होते. वाफ गेली, गारगोटी बसली."
एकशे सत्तर फुटांवर लाल,
विटेच्या चुऱ्यासारखी.
"इथं अब्बा म्हणाले, गेरू लागला, केसिंग घाला.
ही जुनी माती. पुढचा लाव्हा येईपर्यंत
हीच वर होती."
परत काळं. परत काळं.
चारशे दहा.
आणि खाली, एक ओळ सोडून:
"पुढं अब्बा गेले नाहीत."

ही धूळ माझ्या ओळखीची आहे.
मार्चमध्ये डफळापुरात, शाळेच्याच मैदानात
बोअरची गाडी उभी होती दीड दिवस.
कॉम्प्रेसरनं दाताची कवळी हलत होती शिपाईमामांची.
लिंब पांढरा झाला, घंटा पांढरी झाली.
पाणी? ओलसुद्धा नाही.
मी नाकाला रुमाल लावून हजेरी घेत होतो.
ती वहीची पानं फाडून पुड्या बांधत होती,
दर दहा फुटांना एक.

नमुना उत्तर म्हणतं: आकृतीला दोन, नावांना तीन.
इथं प्रावरण नाही. गाभा नाही.
पण मी तरी कुठं जाऊन आलोय?
माणसाचं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटर,
केंद्र सहा हजारांच्या पुढं.
म्हणजे टरफलही फुटलेलं नाही, नुसता नखाचा ओरखडा,
आणि त्या ओरखड्याच्या काठावर बसून
तेरा वर्षं मी सांगतोय
लोखंड, निकेल,
अगदी ठामपणे, छडी आपटून.

लाल पट्टीवर अंगठा ठेवला.
कोट्यवधी वर्षांपूर्वीचं एक अंगण.
ऊन पडलं असेल, चिखल झाला असेल,
झाडायला कुणी नव्हतं.
मग वरून काळी चूल ओतली गेली.

अंगठा माखला. तो उमटला पुढच्या पेपरावर,
श्रेणिक चौगुलेच्या नीटस गोलात,
बरोब्बर प्रावरणावर.

साडेतीन दिले. समासात विचारलं,
"लाल थर किती फूट?"

सोमवारी मधल्या सुट्टीत दारात उभी.
"चार फूट, सर.
पण पुडी बांधताना हाताला गरम लागत होती.
ते मशीनमुळं,
का अजून तेव्हाचंच?"